जी लढाई वाट्याला आली नाही

सप्तापूर म्हणजे धारवाडचं क्लासचं गाव. कर्नाटक कॉलेज मागे टाकून सप्तापूर बावीकडे निघालं की एकेका इमारतीवर चार-चार फलक दिसतात: केएएस, पीएसआय, एफडीए, सैन्यभरती. खानापूर-हल्याळकडची मराठी पोरं आणि हावेरी-बागलकोटची कानडी पोरं एकेका खोलीत चौघं-चौघं राहून अभ्यास करतात. इतिहासाच्या तासाला इथे नरगुंद हमखास येतं, कारण ते घरचंच प्रकरण आहे.

नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे, म्हणजे बाबासाहेब. पोटी मूल नाही, आणि दत्तक घ्यायला कंपनी सरकारची परवानगी नाही. त्यात शस्त्रं जमा करायचा हुकूम सुटला. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबानला मुक्कामाला असलेल्या मॅन्सन या पोलिटिकल एजंटाला बाबासाहेबांच्या माणसांनी ठार केलं आणि त्याचं शिर नरगुंदच्या वेशीवर टांगलं. चार दिवसांत फौज आली आणि किल्ला पडला. जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, पण त्याच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. तो म्हणजे रामदुर्गचा संस्थानिक, बाबासाहेबांचा सावत्र भाऊ. मॅन्सन सुरेबानला जाण्याआधी रामदुर्गात होता, आणि तुम्ही नरगुंदला जाऊ नका असं या भावानेच त्याला बजावलं होतं. तो लढला नाही. नरगुंद खालसा झालं, पण रामदुर्गचं संस्थान पुढे नव्वद वर्षं, १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं.

आता कोणालाही विचारा, १८५८ साली तुम्ही असता तर कुठे असता? उत्तर एकच येतं, नरगुंदच्या किल्ल्यावर. रामदुर्गच्या वाड्यात बसून ‘सांभाळून राहा’ म्हणणारा कोणी सापडत नाही. खरं पाहता त्या वर्षी दक्षिण महाराष्ट्रातले बहुतेक संस्थानिक आपापल्या वाड्यातच होते, आणि रयत पेरणीच्या तयारीत. हिशोबाने पाहिलं तर आपण सगळे रामदुर्गचे. मनाने मात्र नरगुंदचे, आणि जन्म उशिरा झाला म्हणून थोडे हळहळणारेही.

ही हळहळ मला फार दिवस चमत्कारिक वाटत आली आहे. एखादी गोष्ट केली आणि अंगलट आली, तर पस्तावा होणं समजतं. पण जी गोष्ट घडलीच नाही, जिच्यात बहुधा आपला पाय गेला असता किंवा जीव, ती हुकल्याचं वाईट का वाटावं? जीव वाचला याचा आनंद व्हायला नको का?

याचं उत्तर शोधायला लागलो तेव्हा प्रथम भेटले ते उंदीर.

मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड रेडिश आणि त्यांचे सहकारी ॲडम स्टायनर यांनी उंदरांसाठी एक वर्तुळाकार वाट केली आणि तिच्यावर खाण्याचे चार कोपरे ठेवले: चेरी, केळं, चॉकलेट आणि साधं. प्रत्येक कोपऱ्याशी एक सूर वाजे. सूर जितका उंच, तितकं खाण्यासाठी जास्त थांबायचं. वेळ मोजकाच असल्याने उंदराला ठरवावं लागे की इथे थांबायचं की पुढे जायचं. कधी कधी उंदीर चांगला सौदा सोडून पुढे जाई, आणि पुढच्या कोपऱ्यावर त्याहून लांब प्रतीक्षा निघे. अशा वेळी तो थबकायचा आणि मागे वळून सोडलेल्या कोपऱ्याकडे बघायचा. त्याच क्षणी त्याच्या मेंदूत, कपाळामागे डोळ्यांच्या खोबणीच्या वर जो भाग असतो तिथे, हुकलेल्या कोपऱ्याची खूण उमटलेली दिसे. समोर नसलेल्या, न खाल्लेल्या घासाची खूण! नंतर तो उंदीर एरवी थांबला नसता तिथेही थांबे आणि मिळालेलं घाईघाईने संपवी. हा शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘हुकलं’ ही भावना माणसाने भाषा, काव्य आणि इतिहास यांतून निर्माण केली असावी असं मी समजत होतो. ती उंदरातही निघाली.

माणसांवरचा प्रयोग त्याआधीचा, २००४ मधला. नाताली कामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना जुगाराची दोन चक्रं दाखवली. एक निवडायचं, ते फिरवायचं आणि मिळेल ते घ्यायचं. काही वेळा न निवडलेल्या चक्रावर काय आलं असतं तेही दाखवायचं. हातात पन्नास आले तर माणूस खूश असतो. दुसऱ्या चक्रावर दोनशे आले होते हे कळलं की तेच पन्नास कडू होतात. मेंदूचा तोच कपाळामागचा भाग ज्यांचा इजा होऊन निकामी झाला होता, त्यांना मात्र काहीच फरक पडला नाही. हरले तर त्यांना वाईट वाटे, जिंकले तर बरं वाटे, पण दुसऱ्या चक्राशी त्यांचं घेणंदेणं नव्हतं. म्हणजे हळहळीला दोन चक्रं लागतात, आणि दुसरं कोणीतरी दाखवावं लागतं.

युद्धाची गोम नेमकी इथे आहे. न लढलेल्या माणसाला दुसरं चक्र अर्धंच दिसतं. परत आलेले बोलतात. त्यांची पदकं दिसतात, पुतळे उभे राहतात, सिनेमे निघतात. गेलेले बोलत नाहीत, आणि परत येऊनही गप्प बसलेल्यांना कोणी विचारत नाही. चक्रावरचं वजाबाकीचं घर झाकून ठेवलं आणि फक्त दोनशेचा आकडा दाखवला, तर पन्नास मिळालेला माणूस हळहळणारच.

आमच्या भागात एका वसतिगृहावर राखण करणारे एक निवृत्त हवालदार होते, मूळचे खानापूर तालुक्यातले. १९७१ च्या सुरुवातीला ते बेळगावच्या मराठा सेंटरला रंगरूट म्हणून दाखल झाले. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं तेव्हा ते तिथेच, उस्तादांच्या शिट्टीवर धावत होते. तेरा दिवसांत ढाका पडलं. त्यांची कसम परेड झाली ती त्यानंतर, फेब्रुवारीत.

‘‘काका, वाईट वाटलं का?’’ मी विचारलं.

‘‘वाईट म्हणजे... रायफल होती, वर्दी होती, जेवणपण होतं. लढाई तेवढी नव्हती बघा.’’ मग आतून एक डबी आणून त्यांनी पदक दाखवलं. ‘‘हे संग्राम मेडल. त्या वर्षी नोकरीत होते त्या बहुतेकांना मिळालं. ‘पूर्वी स्टार’, म्हणजे पूर्व आघाडीचा, ज्याला मिळाला तो लढला. जेवायला बसलं की छातीवर बघून कळायचं कोण कोण कुठं होतं.’’

त्याच तेरा दिवसांत जंगी पलटणीने, म्हणजे पहिल्या मराठ्याने, जमालपूरला वेढा दिला होता. शरण या, असं ब्रिगेडियर क्लेर यांनी चिठ्ठीतून कळवलं. पाकिस्तानी कर्नलने उत्तरादाखल चिठ्ठीत एक गोळी गुंडाळून पाठवली. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ छत्रीने उतरलेली दुसरी पॅरा पलटण हीसुद्धा मूळची तिसरी मराठा, आणि पुंगलीच्या पुलाशी तिला जाऊन मिळाली ती जंगी पलटणच. पुढच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत काकांनी हे सगळं लंगरमध्ये, गाडीत, पहाऱ्यावर शेकडो वेळा ऐकलं. ‘‘मलाच जास्त पाठ आहे,’’ ते म्हणाले. ‘‘जे होते ते विसरले.’’

थोडक्यात हुकलं की जास्त लागतं. १९६५ साली काका शाळेत होते. त्या युद्धाबद्दल त्यांना काहीही वाटत नाही.

या बाबतीत आयझेनहॉवरपेक्षा मोठं उदाहरण मिळायचं नाही. पहिल्या महायुद्धात तो गेटिसबर्गच्या छावणीत रणगाड्यांच्या तुकड्या तयार करत होता. फ्रान्सला पाठवा म्हणून मागे लागला होता. शेवटी जहाजावर चढायची तारीख मिळाली, १८ नोव्हेंबर १९१८. युद्ध ११ नोव्हेंबरला संपलं. आता उरलेला जन्म आपण या लढाईत का नव्हतो हे सांगण्यातच जाणार, असं तो सोबतच्या अधिकाऱ्याजवळ बोलून गेला. सव्वीस वर्षांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लाखोंची फौज उतरवणारा सरसेनापती तो हाच. १९१८ ची रुखरुख तेव्हा उरली होती का, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नसेल.

विल्यम फॉकनरने दुसरा मार्ग काढला. तोही १९१८ मध्ये टोरंटोला ब्रिटिश वायुदलाच्या प्रशिक्षणात होता आणि प्रशिक्षण चालू असतानाच युद्ध संपलं. मिसिसिपीतल्या आपल्या गावी तो परतला तो अधिकाऱ्याच्या गणवेशात, हातात काठी, लंगडत. लढाईत विमान पडलं आणि जखमी झालो, अशा कथा त्याने वर्षानुवर्षं चालू दिल्या. खरी जखम त्याच्या धाकट्या भावाला झाली होती, फ्रान्समध्ये, आर्गोनच्या जंगलात. एका घरात एक खरा जखमी आणि एक लंगडणारा. पुढे नोबेल मिळालेल्या लेखकालाही ही एक गोष्ट कागदावर रचून भागली नाही, अंगावर घालावी लागली.

आपल्याकडे या जातीचा मूळ पुरुष विदर्भाचाच आहे. महाभारतात रुक्मी, रुक्मिणीचा भाऊ, सैन्य घेऊन पांडवांकडे येतो आणि अर्जुनाला म्हणतो, भीती वाटत असेल तर मी आहे. अर्जुन त्याला वाटेला लावतो. मग तो दुर्योधनाकडे जातो, आणि तोही नको म्हणतो. एवढ्या मोठ्या युद्धात दोघंच बाहेर राहिले, तीर्थयात्रेला गेलेला बलराम आणि दोन्हीकडून परत पाठवलेला रुक्मी. बलराम आपण होऊन गेला म्हणून त्याचा मान राहिला. रुक्मीची फजिती झाली. न लढणं दोघांचं सारखंच, पण दार कोणी लावलं यावर सगळं ठरलं.

काळही यात आपली भर घालतो. कॉर्नेलचे थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडव्हेक यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की ताजा पस्तावा बहुतेक केलेल्या गोष्टींचा असतो आणि जुना पस्तावा न केलेल्यांचा. वर्षं जातात तशी केलेल्या चुकीची धार बोथट होते, कारण तिचा शेवट माहीत असतो. न केलेल्याला शेवट नसल्याने ते वाढत राहतं. त्यांनी लुईस टर्मन यांनी १९२१ पासून पाठपुरावा केलेल्या हुशार मुलांच्या म्हातारपणीच्या उत्तरांचाही अभ्यास केला. तिथेही न केलेल्याचंच पारडं जड होतं. पन्नाशीनंतर माणूस शिवाजी महाराजांच्या काळात असतो तर वगैरे बोलू लागतो, त्यामागे इतिहासप्रेमाइतकंच हेही असावं.

आता अमेरिकेतलं एक प्रकरण, ज्यात युद्ध कोणाच्या वाट्याला येणार हे खरोखरच बरणीतून काढलं गेलं. १ डिसेंबर १९६९. व्हिएतनामसाठी सक्तीची भरती. १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्या तरुणांसाठी वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत घालून काचेच्या मोठ्या बरणीत टाकल्या आणि एकेक कुपी टीव्हीसमोर उघडली. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेल्यांचा क्रमांक एक. प्रत्यक्षात १९५ पर्यंतच्या क्रमांकांना बोलावणं गेलं. त्यापुढचे सुटले. कुप्या महिन्यामहिन्याने ओतल्या होत्या आणि नीट हलवल्या नव्हत्या, त्यामुळे डिसेंबरच्या तारखा वरच राहून लवकर निघाल्या, हे गणितज्ञांनी लगेच दाखवून दिलं. आईची प्रसूती पंधरा दिवस लांबली म्हणून कोणी घरी राहिला, कोणी नाही.

एरिक्सन आणि स्टोकर या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक फार सुंदर काम प्रसिद्ध केलं. १९६५ साली शाळा संपवलेल्या मुलांची पुन्हा पुन्हा घेतलेली मतं हाताशी होतीच, त्यांना त्यांनी प्रत्येकाचा सोडतीतला क्रमांक जोडला. ज्यांचा क्रमांक धोक्याचा होता ते युद्धाच्या जास्त विरोधात गेले आणि डाव्या बाजूला झुकले. प्रत्यक्ष गेले की नाही हा प्रश्न वेगळाच, क्रमांक निघाला एवढंच पुरे झालं. अठ्ठावीस वर्षांनंतर, १९९७ मध्येही तो झुकाव दिसत होता. एका कुपीचं इतकं लांबलेलं वजन मला अजून नवलाचं वाटतं.

त्या सोडतीच्या भरतीतून सुटलेल्या जेम्स फॅलोज या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने १९७५ मध्ये एक लेख लिहिला. वैद्यकीय तपासणीत नापास व्हावं म्हणून त्याने वजन मुद्दाम कमी ठेवलं होतं. हार्वर्डची पोरं एकेक कारण सांगून सुटली, आणि नंतर बस आली ती चेल्सीच्या कामगारवस्तीतली पोरं घेऊन. त्यांना सुटायचं कसं हे ठाऊकच नव्हतं. फॅलोजची सल वैभव हुकल्याची मुळीच नाही. आपल्या जागी दुसरा गेला, याची आहे. हळहळ आणि ही सल एकाच खात्यावर मांडू नये, असं मला वाटतं.

आणि एक तिसरं खातं आहे, जे बेळगावपासून फार लांब नाही.

महार सैनिक कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत, आणि त्यांत ‘नाक’ लागलेली नावं कितीतरी. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, लढाऊ आणि बिनलढाऊ जातींचं खूळ लष्करात शिरलं तेव्हा, त्यांची भरती बंद झाली. दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला: आम्हाला फौजेत आणि पोलिसांत घ्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा वीस वर्षं दार बंद. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावात.

तलवारीच्या हौसेने पन्नास वर्षं अर्ज कोणी करत नाही. फौजेत नाव लागलं की पगार लागे, पेन्शन लागे, छावणीत मुलांना शाळा मिळे, गावकीच्या कामातून सुटका होई. सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या शाळेत शिकवत होते, आणि त्यांचा भीमराव महूच्या छावणीत १८९१ मध्ये जन्मला, भरतीचं दार लागत होतं त्याच सुमाराला. दार लागल्यावर जन्मलेल्या किती घरांत कोण शिकलं असतं, याचा हिशोब नाही. इथे दुसरं चक्र कोणी अर्धवट दाखवलेलं नव्हतं. आज्याने ते फिरवलेलं होतं, बक्षीस घरात आलेलं होतं, तोटा काय असतो तेही त्या घरांनी भोगलेलं होतं. रोमँटिक हळहळीवर मी वर थोडा हसलो असेन. या हळहळीवर हसण्यासारखं काही नाही, ती हिशोबाला चोख आहे.

अर्ज न करताही बाहेर राहिलेला एक मराठी सेनानी इथे आठवतो. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, मूळचे कोल्हापूरकडचे, १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत पलटण घेऊन लढलेले. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी ‘लाल किला’ नावाचा युद्धसराव घेतला आणि ईशान्येत चिनी आले तर काय होईल ते नकाशावर दाखवलं. मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. सरसेनापतिपद दुसऱ्याकडे गेलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी आले. नेहरूंनी त्यांना नंतर सल्ल्याला बोलावलं, पण लढाई तोवर हातची गेलेली होती. नकाशावर लढून झालेली, प्रत्यक्षात वाट्याला न आलेली लढाई.

आजच्या पोरांकडे आलो तर लढाई हा शब्द फारसा ऐकू येत नाही. ऐकू येतं ते ग्राउंड, मेडिकल, वय, मेरिट. कोविडमध्ये २०२० पासून भरतीचे मेळावे थांबले, दोन वर्षं थांबले. त्यात कितीतरी जणांचं वय उलटलं. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, वयाची मर्यादा त्या एका वर्षापुरती एकवीसची तेवीस केली, तरी सगळे त्यात बसले नाहीत. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावणारे पाय तसेच आहेत, कागदावरची तारीख आडवी आली. यांची कुरकुर १९१० च्या अर्जाच्या जवळची आहे, रुक्मीच्या फुशारकीच्या जवळची नाही.

आणि पोरी? हातात बांगड्या भरल्यात का, असा टोमणा मारून पुरुषांना लढाईला काढायची आपली जुनी रीत. बांगड्या भरलेल्या हातांना लढाई हुकल्याचं वाईट वाटतं का, हे विचारायची गरज मात्र कोणाला भासली नाही. २०१९ मध्ये लष्करी पोलिस दलासाठी मुलींची भरती पहिल्यांदा निघाली आणि ऑगस्टमध्ये तिचा मेळावा बेळगावात भरला. जागा शंभर, अर्ज लाखांनी. मे २०२१ मध्ये बंगळूरला ८३ जणींच्या पहिल्या तुकडीने कसम घेतली. पायदळाची पलटण त्यांच्यासाठी अजून उघडलेली नाही.